नकाराचा सराव

घरातली धाकटी सून म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली कधीच वेगळी होऊन दुसऱ्या गावी गेली होती, तरी हिचं धाकटेपण काही सुटलं नाही. ही धाकटी दवाखान्यातल्या खाटांची ड्रॉइंग काढायची. म्हणजे खाटेचा कठडा किती उंच हवा, तो खाली पाडताना कुणाचं बोट चेमटू नये म्हणून फट किती ठेवायची, पाठीकडचा भाग उचलायचा दांडा कुठे बसवायचा, असलं सगळं. खाटा बनायच्या समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात आणि ड्रॉइंग निघायची तिच्या घरच्या मागच्या खोलीत. त्या खोलीत एका बाजूला तिचं टेबल होतं आणि दुसऱ्या बाजूला इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. मीटिंगमध्ये तो ढीग दिसू नये म्हणून तिने टेबल असं तिरकं लावलं होतं, की पाठीमागे नुसती भिंत आणि भिंतीवरचं घड्याळ दिसावं. घड्याळ बंद पडलेलं होतं. पण तिकडच्यांना काय कळणार, त्यांची वेळच मुळात वेगळी.

सासूबाईंच्या हिशेबी सून घरीच असायची. "नोकरी करते का हो?" असं कुणी विचारलं, की त्या म्हणत, "करते, पण जात नाही." विचारणाऱ्याला त्यातून काय समजायचं ते समजे.

धाकटीला एका गोष्टीचा मात्र मनातून अभिमान होता. परक्या देशांतली माणसं तिने बरोबर ओळखली होती. चाकांचं काम बघणारे एक गृहस्थ होते, ते एखाद्या ड्रॉइंगला "फार वेगळा विचार आहे" म्हणाले, की तिने ते ड्रॉइंग निमूटपणे रद्द करायचं. खात्याच्या प्रमुख होत्या त्यांना ती घरी 'मोठ्या बाई' म्हणे. मोठ्या बाई "हे चूक आहे" म्हणाल्या तर ते फक्त चूकच असायचं. त्यात राग नाही, अपमान नाही, मागचा कुठला हिशेब नाही. आणि तिसऱ्याच एका देशात बसून गाद्यांचं काम करणारा एक जण होता, त्याचं नाव तिने ठेवलं होतं सरळसोट. पहिल्याच मीटिंगमध्ये तो तिला म्हणाला होता, "तुझा कठडा बघून मला झोप आली." धाकटी त्या दिवशी जेवली नाही. पुढे कळलं, की तो सगळ्यांशी असाच बोलतो, स्वतःच्या आईशीसुद्धा. मग तिला त्याचं काही वाटेनासं झालं. पुढे पुढे तर त्याच्याशी बोलून तिला बरंच वाटायचं. निदान या माणसाच्या बोलण्याचा अर्थ लावत बसावा लागत नाही.

तर असं सगळ्यांचं पाणी तिने जोखलं होतं. आपलंही पाणी कुणीतरी जोखत असेल आणि त्याचा अंदाज साफ चुकत असेल, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

एका दुपारी मोठ्या बाईंनी तिला एकटीलाच कॉलवर घेतलं. तिकडे सकाळ होती. बाईंचे केस अजून ओले होते. इकडे सासूबाई पुढच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या आणि त्यांच्या घोरण्याचा आवाज दारातून झिरपत होता.

बाई म्हणाल्या, "आपल्या कठडा विभागाचे प्रमुख काम सोडताहेत. ती जागा तुम्ही घ्यावी असं मला वाटतं. इथे यावं लागेल, कुटुंबासह. काय म्हणता?"

 परदेशी जायचं? सगळं बिऱ्हाड उचलून? नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, नऊ वर्षं घासून उभं केलेलं. लेक नववीत. सासूबाई तर कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा "इतक्या लांब?" म्हणून जात नसत. पण एवढ्या मोठ्या बाईच्या तोंडावर फाडकन 'नाही' कसं म्हणायचं? माणसाने काही रीतभात सांभाळायची असते. म्हणून तिने गोड हसून, मान किंचित कलती करून म्हटलं,

"बघते मी."

झालं. तिच्या दृष्टीने विषय संपला.

कारण त्या घरात 'बघू' या शब्दाला एकच अर्थ होता. भिंतींना रंग कधी काढायचा असं विचारलं, की नवरा म्हणे "बघू", आणि भिंती होत्या तशाच राहत. शेजारणीने सहलीला चला म्हटलं, की सासूबाई म्हणत "बघू या हं", आणि शेजारीण समजून दुसरी जोडीदारीण शोधे. लेकीने नवा फोन मागितला, की धाकटी स्वतःच म्हणे "बघू", आणि लेक पाय आपटत निघून जाई. हा शब्द न कळणारं माणूस तिला जन्मात भेटलं नव्हतं.

मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. "छान! मला ठाऊक होतं," असं म्हणून त्यांनी कॉल बंद केला. धाकटीला वाटलं, किती समजूतदार बाई! नकारसुद्धा हसतमुखाने घेतला.

आठवड्याभराने बाईंनी लिहिलं, 'कुठवर आलं?' धाकटी चमकली. एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा विचारतात? मग तिच्या लक्षात आलं, की आग्रह करताहेत. तिला जरा बरंच वाटलं. तिने लिहिलं, 'घरी सगळ्यांशी बोलावं लागेल.' हा दुसरा नकार, पहिल्यापेक्षा ठळक. बाईंचं उत्तर आलं, 'अर्थात! घरच्यांना सोबत घेऊन ठरवता, हे मला फार आवडलं.'

मग धाकटीने थंडीचं निमित्त काढलं. तिकडे म्हणे फार थंडी असते. बाईंनी सगळ्यांच्या अंगाची मापं मागितली. धाकटीला वाटलं, तिथे किती थंडी असते ते मापाप्रमाणे समजावून सांगणार असतील. विचारणाऱ्याला उत्तर न देणं बरं दिसत नाही, म्हणून तिने मापं कळवली. मग तिने सासूबाईंचे गुडघे पुढे केले. 'त्यांना जिने चढवत नाहीत हो.' बाईंनी कळवलं, 'लक्षात ठेवते.' धाकटीने सुटकेचा श्वास सोडला. गुडघ्यांपुढे कुणाचं काही चालत नाही, हा तिचा आजवरचा अनुभव होता.

इकडे ही मनात म्हणत होती, किती चिकट बाई, अजून किती वेळा नाही म्हणू? आणि तिकडे बाई आपल्या वरिष्ठांना सांगत होत्या, बघा किती नीटनेटकी तयारी करतेय ही!

घरी मात्र तिने चकार शब्द काढला नव्हता. जी गोष्ट होणारच नाही ती सांगून उगाच सगळ्यांच्या डोक्याला ताप कशाला?

आणि मग पार्सल आलं.

ते आलं तेव्हा धाकटी मीटिंगमध्ये होती. सही सासूबाईंनी केली आणि पार्सलही त्यांनीच फोडलं. घरात आलेली वस्तू बंद ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आत चार कोट होते, जाडजूड, टोपीवाले. धाकटी मीटिंग संपवून बाहेर आली तर सासूबाई गळ्यापर्यंत चेन ओढून आरशासमोर उभ्या, कपाळावर घामाच्या धारा, हातात एक कार्ड.

"हे वाच," त्या म्हणाल्या. "माझ्या चष्म्याला नीट दिसत नाहीये, की माझंच डोकं फिरलंय कुणास ठाऊक."

कार्डावर लिहिलं होतं, सगळ्यांचं स्वागत आहे, आणि आजींच्या गुडघ्यांसाठी तळमजल्यावरचं घर बघून ठेवलं आहे.

"माझे गुडघे," सासूबाई एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "परदेशात कसे पोचले?"

संध्याकाळी नवरा दुकानातून आला तेव्हा सोफ्यावर चार कोट चार पाहुण्यांसारखे बसले होते, आणि घरची तिन्ही माणसं समोर खुर्च्यांवर. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, कारण तो भडकला की शांत होत असे,

"तू नेमकं काय म्हणालीस त्यांना?"

"काय म्हणणार? बघते म्हणाले."

"बघते म्हणालीस?"

"हो. आणि नंतर घरी बोलावं लागेल म्हणाले. थंडीचं सांगितलं. आईंच्या गुडघ्यांचं सांगितलं."

नवऱ्याने सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी नवऱ्याकडे.

"मग तू तर साफ नाही म्हणालीस," नवरा म्हणाला.

"अगदी तोडून टाकलंस," सासूबाई म्हणाल्या. "मला तर वाटतं जरा उद्धटच झालं ते. आणि तरी त्यांना समजलं नाही? एवढ्या मोठ्या हुद्द्यावर बसवतात तरी कशा अशा माणसांना!"

"याहून स्पष्ट माणसाने काय सांगायचं?" नवऱ्याने हात पसरले.

 लेक हळूच म्हणाली, "मी शाळेत सांगून आले."

"काय सांगून आलीस?"

"की आपण चाललोय. दुपारी आजीने फोन केला होता ना, कोट आलेत म्हणून. माझ्या मैत्रिणींनी लगेच वर्गणी काढून मला पेनांचा सेट दिला. दोघी रडल्या." तिने दप्तरातून सेट काढून दाखवला. "हा मी परत देणार नाही."

त्याच बैठकीत नकाराचा मजकूर लिहायचं ठरलं. धाकटीने लिहिलं, 'आम्हाला येणं जमणार नाही.' सासूबाईंना ते फार कोरडं वाटलं. आधी कोटांबद्दल आभार माना म्हणाल्या. आभार मानले. नवरा म्हणाला, घर शोधायचे त्यांनी कष्ट घेतले, त्याचाही उल्लेख हवा. उल्लेख केला. 'जमणार नाही'च्या जागी 'सध्या जरा अवघड दिसतंय' आलं. 'पण तुमच्या प्रेमाने आम्ही भारावून गेलो आहोत' हे वाक्य सासूबाईंनी सांगितलं आणि ते सर्वांनाच आवडलं. शेवटी सगळं सलग वाचून काढलं तेव्हा लेक म्हणाली, "हे तर आपण उद्याच निघतोय असं वाटतंय."

तो मजकूर काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटीने सरळसोटाला गाठलं. गाद्या आणि कठडे यांच्यातल्या फटीवर दोघांचं बोलणं ठरलेलंच होतं. ते संपल्यावर तिने आपलं रडगाणं सांगितलं. तो ऐकत होता आणि ऐकता ऐकता सफरचंद खात होता.

"मला कळत नाहीये," तो म्हणाला. "तुला जायचं नाही?"

"नाही."

"मग हेच सांग. आता मला सांगितलंस ना?"

"तुला सांगणं वेगळं."

"चल, सराव करू. मी तुला काम सांगतो, तू नाही म्हण. माझी पुढच्या आठवड्याची ड्रॉइंग तू काढशील?"

"पुढच्या आठवड्यात ना, जरा माझं..."

"चूक. ड्रॉइंग काढशील?"

"काढली असती रे, पण..."

"चूक. मी आता तुझ्याकडून ड्रॉइंग काढून घेणार आहे, कारण तू हो म्हणालीस."

"मी कुठे हो म्हणाले?"

"'काढली असती' म्हणालीस. माझ्या देशात एवढ्यावर लग्नं ठरतात." त्याने सफरचंदाचा चावा घेतला. "'नाही' म्हणायचं आणि तोंड मिटायचं. नंतरची शांतता तुझी नाही. ती समोरच्याची आहे, त्याला वापरू दे."

धाकटीने सराव सुरू केला. कर्ज देऊ करणाऱ्या फोनवाल्या मुलीला ती "नाही" म्हणाली आणि गप्प बसली. पलीकडची मुलगीही गप्प बसली. बराच वेळ दोघी एकमेकींचे श्वास ऐकत राहिल्या, आणि शेवटी धाकटीनेच न राहवून "जेवलीस का गं?" असं विचारलं. पुढची दहा मिनिटं ती त्या मुलीच्या बदलीची अडचण ऐकत होती. तळमजल्यावरच्या वकिलांनी तिच्या गाडीच्या जागेवर आपली गाडी लावू का विचारलं, तेव्हा तिने "नाही" एवढं म्हणून जिना गाठला. वर जाऊन पाणी प्यायली, आणि मग खाली येऊन "दोन दिवस लावा हवं तर" असं सांगून आली.

खरी परीक्षा घरातच झाली. सासूबाई म्हणाल्या, "आज जरा पडदे काढून धुवायला टाकतेस का?" धाकटीच्या हातात ड्रॉइंगचं काम होतं. ती म्हणाली, "नाही." आणि तोंड मिटलं.

सासूबाई उभ्या राहिल्या.  मग त्या पुढे आल्या आणि त्यांनी सुनेच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप तर नाहीये," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि पडदे तसेच ठेवून आत गेल्या. संध्याकाळी त्यांनी मुलाला बाजूला घेऊन विचारलं, की तुमचं दोघांचं काही बिनसलंय का.

पण धाकटीला त्या दिवशी कळलं, की 'नाही' म्हटल्यावर छत खाली येत नाही.

तिने मोठ्या बाईंकडे कॉल मागितला. कॉलच्या आधी घरच्यांना दार लोटून घ्यायला सांगितलं. अर्थात दाराच्या पलीकडे कान लावून सासूबाई होत्याच. बाई पडद्यावर आल्या. या वेळी केस वाळलेले होते. धाकटीने श्वास घेतला.

"मी तिकडे येणार नाही."

आणि ती थांबली. ओठ घट्ट मिटले. मनात म्हणत राहिली, ही शांतता माझी नाही, ही शांतता माझी नाही.

शांतता फार टिकली नाही. बाई म्हणाल्या, "बरं. स्पष्ट सांगितलंत, आभार. घरमालकाला कळवते. कोट राहू द्या तुमच्याकडे. आता जरा ब्रेकच्या ड्रॉइंगकडे वळू या का? डाव्या चाकाचा दांडा फार आखूड दिसतोय."

आणि खरोखरच त्या ब्रेककडे वळल्या.

कॉल संपला तेव्हा धाकटी खुर्चीत तशीच बसून राहिली. दार उघडून सासूबाई आत आल्या.

"झालं?"

"झालं."

"मग चेहरा असा का?"

"आई, त्यांनी एकदासुद्धा आग्रह केला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी नाही म्हणाले, त्या 'बरं' म्हणाल्या. मग ब्रेकचं बोलायला लागल्या."

सासूबाई ढिगातले इस्त्रीचे कपडे बाजूला सारून मटकन खाली बसल्या. "अगं बाई! दारावर आलेल्या माणसाने चहा नको म्हटलं तर आपण दोन-तीनदा विचारतो. घोटभर तरी घ्या म्हणतो. आणि यांनी अख्खी नोकरी पुढे केली, आणि एकदा नको म्हटल्यावर उचलून आत ठेवली?" त्यांना खरंच लागलं होतं. "माझ्या सुनेची हीच किंमत?"

चार दिवस घरात सुतकी चेहरे होते. ज्या गोष्टीला चौघांनी मिळून नको म्हटलं, ती गेली म्हणून चौघंही उदास. लेकीने पेनांचा सेट वापरायला काढला. कोट माळ्यावर गेले. आणि तेवढ्यात कंपनीचं सगळ्यांना पत्रक आलं, की कठडा विभागाच्या प्रमुखपदासाठी इच्छुकांनी कळवावं. पाठोपाठ सरळसोटाने धाकटीला वेगळं लिहिलं, 'मी अर्ज करतोय. मला कठड्यांतलं काही कळत नाही, पण पद चांगलं आहे.'

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कठड्यांतलं काही कळत नाही! तिचं डोकं इतकं तापलं, की भर दुपारी कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून ती चपला घालून बाहेर पडली आणि थेट नवऱ्याच्या दुकानात गेली.

दुकानात एक जाड मिशांचे गृहस्थ खुर्चीत बसले होते. त्यांच्या नाकावर तपासणीची ती गोल लोखंडी फ्रेम होती, एका डोळ्यावर झाकण. नवरा भिंगं बदलत होता.

"हे बरं, की हे बरं?"

"आधीचं," गृहस्थ म्हणाले.

"तू इथे?" नवऱ्याने मान वळवली. "घरी सगळं ठीक ना?"

"तो गादीवाला माझ्या जागेवर जातोय."

"तुझ्या जागेवर? तू तर नको म्हणालीस ना ती. हे बरं, की हे?"

"दोन्ही सारखी," गृहस्थ म्हणाले.

"मी नको म्हणाले म्हणून कुणीही उठून जायचं का त्या जागेवर? अरे, तो कठड्याला कुंपण म्हणतो! सात वर्षं ती फट मी सांभाळतेय."

नवऱ्याने दुसरं भिंग उचललं, पुसलं. "मला एक सांग. तुला नको काय होतं? जायला नको होतं, की ते काम नको होतं?"



"जायला नको होतं," खुर्चीतले गृहस्थ म्हणाले. त्यांना एकाच डोळ्याने दिसत होतं, पण ऐकू व्यवस्थित येत होतं. "माझ्या जावयाचं असंच झालं. बदली नको होती, बढती हवी होती. बोलला नाही. आता बसलाय तिथेच, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर ओरडतो."

"पण त्यांना कसं सांगणार?" धाकटी त्या गृहस्थांनाच म्हणाली. "नाही म्हणून झालंय. आता हवं म्हणायचं? माणसाने स्वतःच्या तोंडाने मागायचं? बरं दिसतं का ते?"

"बाई," गृहस्थ म्हणाले, "समोरचं मला आत्ता काहीच बरं दिसत नाहीये. तुमच्या मालकांना आधी माझं भिंग बसवू द्या, आणि तुम्ही जाऊन फोन करा."

नवरा हसला, पण लगेच गंभीर झाला. "खरंच कर. ते गेलं तर गेलं. पण रोज रात्री जेवताना मला त्या गादीवाल्याच्या गोष्टी ऐकायच्या नाहीत."

धाकटी घरी आली ती पळतच. कॉल न मागता तिने सरळ बाईंना फोन लावला. इतक्या वर्षांत असं तिने कधी केलं नव्हतं.

"मला ते पद हवं आहे," ती म्हणाली. धाप लागली होती, म्हणून आपोआपच वाक्य लहान झालं. "यायचं नाहीये. काम हवंय. इथून."

 मोठ्या बाई गप्प झालेल्या तिने प्रथमच ऐकल्या.

"पण तुम्ही नाही म्हणालात."

"यायला नाही म्हणाले."

"थांबा." बाई विचार करत होत्या, ते ऐकू येत होतं. "मी तुम्हाला दोन प्रश्न एका दमात विचारले होते, नाही का? आणि तुम्ही एकाचं उत्तर दिलंत. ही माझी चूक. पण मला सांगा, आधी तुम्ही इथल्या थंडीची चौकशी का करत होतात?"

"ती चौकशी नव्हती," धाकटी म्हणाली. "तो नकार होता."

"थंडी?"

"थंडी. आणि घरच्यांशी बोलायचं होतं, तोही. गुडघेही."

 मग बाई जोरात हसल्या, इतक्या की फोन कानापासून लांब धरावा लागला. "म्हणजे मी तुमच्या नकाराची मापं घेऊन त्याला कोट शिवले!"

धाकटीलाही हसू फुटलं. हसणं ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "बसल्या जागेवरून विभाग चालवणं आजवर कुणी केलेलं नाही. मी विचार करून सांगते."

'विचार करून सांगते' हे ऐकलं आणि धाकटीने ओळखलं, की गेलं. संध्याकाळी तिने घरी तसं सांगितलं. सासूबाईंनी उसासा टाकला. "विचार करून सांगते म्हणाल्या? मग झालंच. निदान बाईंनी बोलताना मन राखलं." नवऱ्याने त्या रात्री तिच्या ताटात न मागता वाढलं. कुणी तो विषय पुन्हा काढला नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात मोठ्या बाईंचा फोन आला. त्यांनी विचार केला होता. खरोखर बसून, चार माणसांना विचारून, विचार केला होता आणि आता त्या सांगत होत्या. विभाग धाकटीने घरूनच चालवायचा. सहा महिने करून बघायचं, वर्षातून एकदा तिकडे जाऊन कारखान्यात प्रत्यक्ष खाटांवर हात फिरवून यायचा, आणि गाद्यांचा माणूस यापुढे तिच्या हाताखाली.

"मंजूर?" बाईंनी विचारलं.

"मंजूर," धाकटी म्हणाली, आणि आणखी काही जोडायच्या आत तोंड मिटून घेतलं.

सासूबाईंनी शेजारणीला बातमी दिली ती अशी: "साहेब झाली आमची. पण अजून जात नाही."

प्रमुख झाल्यावर पहिलं ड्रॉइंग तिच्याकडे आलं ते सरळसोटाचं. गादीच्या कडेला त्याने हाताने धरायचा एक पट्टा काढला होता, तो नेमका कठड्याच्या बिजागरीत अडकत होता. धाकटीने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. पूर्वीची असती तर म्हणाली असती, छान आहे, थोडं बघू या. पण आता तिच्यावर विभाग होता. तिने कॉल लावला.

"हे चूक आहे," ती म्हणाली. "पट्टा बिजागरीत अडकतो. पुन्हा काढ."

आणि थांबली.

 पडद्यावर सरळसोटाचे कान हळूहळू लाल झाले. त्याने खाली पाहिलं, टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ केली.

"ठीक आहे," तो म्हणाला. मग बारीक आवाजात, "सगळंच चूक आहे, की पट्टाच?"

"पट्टाच."

"शिलाई बघितलीस का? शिलाईवर मी खूप वेळ घालवला होता."

धाकटी बघतच राहिली. ज्या माणसाला तिचा कठडा बघून झोप आली होती, त्याच्या ओठांचा कोपरा चक्क थरथरत होता. आजवर यालाही तोंडावर कुणी काही बोललं नसावं; सगळे आपले ऐकूनच घेत आले असणार.

"अरे, शिलाई फार सुरेख आहे," ती म्हणाली. "आणि रंगही चांगला निवडलास. पट्टासुद्धा तसा वाईट नाही, जागा तेवढी चुकली. सकाळपासून काही खाल्लंयस का?"

"नाही."

"मग आधी खाऊन घे. ड्रॉइंग उद्या दे. परवा दिलंस तरी चालेल."

तो उठून काहीतरी आणायला गेला. धाकटीने कॉल चालू ठेवला, आणि तो परत येईपर्यंत बिजागरीची जागा थोडी अलीकडे घेऊन पट्टा बसतो का, ते पाहायला लागली.